टाकीची झापड

"आधी कागदावर अंदाज काढायचा, मग यंत्राला विचारायचं. उलट केलंस ना, तर यंत्र तुला गोड बोलून फसवेल आणि तुला पत्ताही लागणार नाही."

मास्तरांनी हे सांगितलं त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. मास्तर गेले, पण मोजणीताईने नेम सोडला नाही. रोज सकाळी ऑफिसात आली की ती आधी हात धुवायची, मग एक पाठकोरा कागद पुढ्यात ओढायची आणि सूर्याकडून पृथ्वीवर किती न्यूट्रिनो येतात त्याचा अंदाज पेन्सिलीने काढायची. रोज तोच. शेजारच्या टेबलावरचे लोक दुधाचं विचारावं तसं विचारायचे, "काय ताई, आज किती आले?"

"कालच्याइतकेच," ती म्हणायची आणि हसायची.

आकडेमोड साधीच होती. उन्हात नखाएवढी जागा धरली तर तिच्यावर सेकंदाला किती ऊर्जा पडते ते ठाऊक आहे. ही ऊर्जा सूर्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होताना सुटते, आणि हेलियमच्या एका जन्माला किती सुटते तेही ठाऊक आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की किती जन्मांचा वाटा आपल्या नखावर पडतो ते कळतं. प्रत्येक जन्मामागे न्यूट्रिनो दोन. दुप्पट करायची. उत्तर येतं साडेसहा हजार कोटींच्या आसपास. नखाएवढ्या जागेतून, दर सेकंदाला एवढे कण आरपार जातात आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

तिने एकदा हे सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "आणि सूर्य मावळल्यावर?"

"तेव्हाही येतात, आई. पृथ्वीच्या पोटातून, खालून वर."

"खालून? मग मी रोज रात्री दाराला दोन-दोन कड्या कशाला घालते गं?"

तर असे हे पाहुणे. कुणाच्या दारात थांबत नाहीत म्हणून त्यांना मोजायला जुन्या खाणीत, जमिनीखाली एक किलोमीटर, तिच्या लोकांनी द्रवाने भरलेली तीन मजली टाकी उभी केली होती. कोट्यानुकोटींतला एखादा न्यूट्रिनो त्या द्रवातल्या कणाला धडकायचा, बारीकसा उजेड पडायचा, आणि टाकीच्या भिंतींवर लावलेले काचेचे डोळे तो टिपायचे. नऊ वर्षं असे उजेड मोजले होते. किती उजेड आणि किती वेळात, या दोनच गोष्टी हव्या होत्या. उजेड मोजायला चाळीस माणसं होती. वेळ मोजणारी मोजणीताई एकटी. तिचं नावच त्यावरून पडलं होतं.

वेळ मोजण्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण टाकीला झापड यायची. आकाशातून येणारा एखादा दांडगा कण एवढा खडक फोडून खाली पोचायचा आणि टाकीत असा लखलखाट करायचा की तिचे डोळे दिपून जायचे. मग क्षणभर तिला काही दिसायचं नाही. त्या आंधळ्या क्षणाला सगळे झापड म्हणायचे. शंभर सेकंदांत सात सेकंद झापडीचे. ते एकूण वेळेतून वजा करायचे, कारण डोळे मिटलेल्याने किती पाहिलं हे विचारण्यात अर्थ नाही. ही वजाबाकी मोजणीताई गेली आठ वर्षं करत होती, आणि तिच्या आधी होते ते गृहस्थही करत होते.

सोमवारी पेटी उघडली.

पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे. त्यांच्यात अशी रीत होती की खरा आकडा शेवटपर्यंत कुणालाच दिसू द्यायचा नाही. उजेडांच्या मोजणीला एका गुप्त संख्येने आधीच गुणून ठेवायचं. ती संख्या एका पाकिटात बंद, पाकीट दूरच्या गावी एका सहकाऱ्याच्या कपाटात. नाहीतर माणसाचं मन मोठं लबाड. उत्तर हवं तसं आलं नाही की ते चुका शोधत बसतं, आणि हवं तसं आलं की शोध थांबवतं. म्हणून सगळं काम आंधळेपणाने पुरं करायचं, सगळ्यांनी 'झालं' म्हणून सह्या करायच्या, मग पाकीट फोडायचं. आणि एकदा फोडलं की कामाला हात लावायचा नाही.

सोमवारी पाकीट फोडलं, भागाकार केला, आणि पडद्यावर आलं सहा हजार चारशे ऐंशी कोटी. सिद्धान्त म्हणत होता तेवढंच, जवळजवळ काट्यावर काटा. माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. प्रयोगाच्या प्रमुख, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "शुक्रवारी अकरा वाजता जाहीर करू," त्या म्हणाल्या, "आणि त्याच कार्यक्रमात घड्याळकाकांचा निरोप समारंभ. टाकी त्यांनी सांभाळली, आकडा त्यांच्यासमोरच सांगू."

मोजणीताईने मनोमन हात जोडले. नऊ वर्षांचं सार्थक झालं, असं तिला त्या दिवशी वाटलं.

बुधवारी सकाळी न्याहारीला तिची चौदा वर्षांची लेक टोमणा मारायच्या बेतात बसलीच होती. "शुक्रवारी तुझं नाव पेपरात येणार म्हणे. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तू खाणीत होतीस, तेही छापायला सांग."

"झालं हिचं सुरू," नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. "केक मी कापला होता ना?"

"तुम्ही केक कापताना साखरेवर भाषण दिलंत, पप्पा. माझ्या दोन मैत्रिणी न खाता गेल्या."

"त्यांचे दात आज बघ कसे आहेत."

"आई, पण खरंच, टाकी तासभर बंद ठेवून आली असतीस तर काय झालं असतं?"

"अगं, त्या दिवशी ती एक मिनिटही थांबली नाही," मोजणीताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. "चोवीस तास अखंड चालली. असा दिवस वर्षातून एखादा. मी माझ्या हाताने लिहिलंय."

"दाखव मग."

"दाखवते."

ऑफिसात गेल्यावर तिने अंदाज काढला, आणि मग लेकीसाठी म्हणून त्या दिवसाचा तक्ता कॉम्प्युटरवर काढला. वर तिच्या हातची नोंद होती: दिवसभर अखंड, एकही खंड नाही. खाली, टाकी चालू असेल तेवढेच सेकंद मोजणाऱ्या घड्याळाने दिलेली वेळ होती: ऐंशी हजार तीनशे बावन्न सेकंद.

ती छापायला देणार तोच तिचा हात थांबला.

दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे. हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. टाकी अखंड चालली तर घड्याळाने शहाऐंशी हजार चारशे दाखवायला हवे होते. सहा हजार अठ्ठेचाळीस सेकंद गेले कुठे?

तिने पेन्सिल घेतली. शहाऐंशी हजार चारशेचे सात टक्के. सहा हजार अठ्ठेचाळीस.

झापडीचे सेकंद घड्याळानेच वगळले होते. आणि ती गेली कित्येक वर्षं उरलेल्यातून ते पुन्हा वगळत होती. वेळ कमी धरली की तेवढेच न्यूट्रिनो कमी वेळात आले, म्हणजे सेकंदाला जास्त आले असं दिसणार. म्हणजे सोमवारचा तो सुंदर आकडा फुगलेला होता.

"काय ताई, आज किती आले?" शेजारून नेहमीचा आवाज आला.

"आज... अजून काढायचंय," ती म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती खोटं बोलली होती.

दिवसभर तिने तक्ते चाळले. इतर दिवशी टाकी काही ना काही कारणाने थांबलेली असायची, कधी दिव्यांची तपासणी, कधी पंप बदलायचा. म्हणून घड्याळ कमी दाखवतं याचं कुणालाच कधी नवल वाटलं नव्हतं, तिलाही नाही. पण सगळे खंड मांडून वजा केले तरी दरवेळी सात टक्के गळत होते. पहिल्या तीन वर्षांत गळत नव्हते. मग एका आठवड्यापासून एकदम गळायला लागले होते, आणि पुढे सहा वर्षं. सहा वर्षांपूर्वी जुनं घड्याळ जळालं होतं आणि घड्याळकाकांनी स्वतः नवीन बनवून बसवलं होतं.

दुरुस्त केलं तर आकडा यायचा सहा हजार एकशे ऐंशी कोटींच्या आसपास. तीनशे कोटींनी कमी. सिद्धान्ताशी न जुळणारा. म्हणजे टाळ्या नाहीत. म्हणजे आपलं अजून कुठे चुकतंय का, की सूर्याचंच आपल्याला नीट कळलेलं नाही, यावर पुढची दोन वर्षं डोकेफोड.

आणि या सगळ्यात एक विचार अगदी मऊ पावलांनी आला. पेटी उघडली आहे. आता हात लावायचा नाही, हा नियम आहे. तू नियमानेच गप्प आहेस. कुणी बोट ठेवणार नाही.

ती त्या विचाराने इतकी घाबरली की उठून पाणी प्यायला गेली, आणि ग्लास भरून तसाच ठेवून आली.

गुरुवारी सकाळी ती हेल्मेट चढवून लिफ्टने खाली गेली. लिफ्टला चार मिनिटं लागत. एरवी ती चार मिनिटं नामस्मरणात जायची. आज नामात मन लागेना. नाम तोंडात, आणि डोक्यात सहा हजार अठ्ठेचाळीस.

घड्याळकाका टाकीशेजारच्या काचेच्या खोलीत बसून आपली हत्यारं पुसत होते. एकेक पुसून डब्यात ठेवत होते, लेकीला सासरी पाठवताना सामान भरावं तसे. साठीचे, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. तिला पाहून ते म्हणाले, "ये ये. निरोपाचं भाषण ऐकायला उद्यापर्यंत धीर नाही वाटतं?"

"काका, एक विचारायचं होतं. तुमचं घड्याळ झापडीत थांबतं का?"

"थांबणारच. त्यासाठीच तर बनवलं. जुनं बावळट होतं, टाकी आंधळी असली तरी टिकटिक करायचं. मी म्हटलं, आंधळ्या वेळेचे सेकंद कशाला मोजायचे? आणि वर वजाबाकीची तुमची कटकटही वाचली." ते हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसू थांबलं. "का गं?"

"मी अजून वजा करतेय."

काकांनी हातातला पाना फडक्यावर ठेवला, अगदी सरळ रेषेत.

"असं कसं? मी कागद पाठवला होता वर. माझी पद्धत तुला माहीत आहे. मी काही बदललं आणि कळवलं नाही, असं आजवर झालेलं नाही."

"नाही झालेलं," ती म्हणाली. तिला मनापासून वाटत होतं की कागद सापडावा. कागद सापडला म्हणजे तो कुणीतरी वाचला असेल, वाचला असेल तर कुठेतरी दुरुस्ती झाली असेल, आणि आपलंच काही पाहायचं राहिलं असेल. "नोंदवही बघूया का?"

त्यांनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. काकांची वही म्हणजे आरसा. एका ओळीत एक काम, आणि काम पुरं झालं की शेवटी तांबडी खूण. ते पानं उलटत गेले, ती खांद्यावरून वाचत गेली. पंपाचं वंगण, तांबडी खूण. सव्वीस नंबरचा दिवा बदलला, तांबडी खूण. नवीन घड्याळ बसवलं, तांबडी खूण. त्याच्या खाली, त्यांच्याच टोकदार अक्षरात: घड्याळ आजपासून झापड वगळून चालेल. वर कळवणे.

पुढे खूण नव्हती.

त्यांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढे अकरा दिवसांनंतरची तारीख.

मोजणीताईला आठवलं. ते अकरा दिवस काकूंचे शेवटचे होते. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा काका असेच खाली होते, हातात घड्याळ, आणि लिफ्ट वर न्यायला चार मिनिटं. काकू गेल्या त्या दुपारी ती त्यांच्या घरी जाऊन बसली होती. परत आल्यावर काका कामाला लागले, आणि सगळ्यांनी किती धीराचा माणूस म्हणून कौतुक केलं होतं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं की काका, मागचं काही राहिलं का.

"राहिलं," काका म्हणाले. तेवढंच. मग वही मिटून विचारलं, "किती फरक पडतो?"

"तीनशे कोटी."

"कमी की जास्त?"

"कमी, काका."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, पुन्हा कानावर ठेवली. "पेटी उघडली ना तुम्ही? आता हात लावायचा नाही, असा तुमचाच नियम."

"तो नियम आकडा आवडला नाही म्हणून कुणी ढवळाढवळ करू नये यासाठी आहे. चूक झाकायला नाही."

"माहीत आहे. विचारून बघितलं." ते क्षीण हसले. "माणूस आहे मी पण. बत्तीस वर्षांत एक खूण राहिली, ती नेमकी हीच."

"चूक तुमची एकट्याची नाही. सहा वर्षं मी रोज वजाबाकी करत आले आणि एकदाही विचारलं नाही की काका, तुमच्या नव्या घड्याळात काय आहे. मला एका ओळीचा फोन करायचा होता."

"ते तुझं तू बघ. माझं मला बघू दे." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि लगेच खाली आला. "ऐक पोरी. थोरल्या बाईंना मी सांगणार. माझ्या तोंडून जाऊ दे. उद्या आठच्या लिफ्टने वर येतो, नऊच्या आत त्यांच्या खोलीत असेन. शब्द देतो. पण तोवर तू बोलायचं नाहीस."

अकराला कार्यक्रम. नऊ म्हणजे हातात दोन तास. "आजच का नाही, काका?"

"आज माझी जीभ उचलत नाही म्हणून."

तिने मान हलवली. "नऊपर्यंत. त्यानंतर माझ्यावर बंधन नाही."

"नऊपर्यंत," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात तिचं कशात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं. देवापुढे दिवा लावायला बसली तर काडी पेटवून तशीच धरून राहिली, बोटाला चटका बसेपर्यंत.

"दाढ दुखत असेल तर सांग," नवरा म्हणाला. "बाकी दुखण्याला माझ्याकडे हत्यार नाही."

तिने त्याला सगळं सांगितलं. घरात सांगितलं तर शब्द मोडत नाही, असा तिने स्वतःशीच निवाडा करून घेतला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि ते आलेच नाहीत तर?"

"येतील."

"मी रोज लोकांना उद्या या म्हणतो. दाढ ठणकत असते तरी दहातले चार येत नाहीत. भीती दाढेपेक्षा मोठी असते."

"ते तसे नाहीत हो."

"तशी सगळीच माणसं असतात गं. थोडी थोडी."

सासूबाई पलीकडे माळ ओढत बसल्या होत्या. ऐकत नाहीत असं वाटायचं, पण त्यांना सगळं ऐकू यायचं. माळ न थांबवता म्हणाल्या, "सूनबाई, दुसऱ्याचा शब्द आपण पाळू शकत नाही. आपला तेवढा पाळावा. आणि आता झोप."

झोप कसली येते. पण ती डोळे मिटून पडून राहिली.

शुक्रवारी सव्वाआठलाच ती थोरल्या बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. खाली सभागृहात खुर्च्या मांडायचा आवाज येत होता. कुणीतरी माईकवर 'एक दोन तीन' म्हणत होतं. साडेआठला थोरल्या बाई आल्या, हातात फाईल, अंगावर ठेवणीतली साडी.

"तू? इतक्या लवकर? आणि चेहरा का असा उतरलाय?"

"काही नाही, बाई. झोप नीट झाली नाही."

"मलाही नाही. आनंदाने." त्या आत जाता जाता थांबल्या. "हे बघ, तू पहिल्या रांगेत बस. वेळेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तूच द्यायचंस. मी सांगणार आहे सगळ्यांना, आमच्या मोजणीताईने एक सेकंद इकडचा तिकडे होऊ दिला नाही म्हणून."

दार लागलं. मोजणीताईने पदराने ओठ दाबून धरले. इतका वेळ गप्प बसणं हे खोटं बोलण्यासारखंच आहे की काय? शब्द दिला तो कुणाच्या भल्याचा होता? नऊ वाजायला पाच मिनिटं होती. जिन्यात पावलं वाजली. ती ताडकन उठली. फुलांचा गुच्छ घेऊन आलेली मुलगी होती.

नऊ वाजले. नऊ पाच. तिने खाणीच्या तोंडाशी फोन लावला.

"काका?" लिफ्टवाला म्हणाला. "ते काय, आठच्या लिफ्टने वर आले की. सगळ्यांशी हात मिळवून गेले. काखेत वही होती."

"कुठे गेले?"

"तुमच्याकडेच म्हणाले."

म्हणजे एक तास झाला होता. तिने वरचा मजला पाहिला, सभागृह पाहिलं, पार्किंग पाहिलं. मनात नको ते येऊ लागलं. माणूस घाबरला की कुठे जातो, काय करतो, कुणी सांगावं. तिची पावलं आपोआप भरभर पडायला लागली. शेवटी मागच्या बाजूला, कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते दिसले. पुढे चहाचा कप, त्यावर साय जमलेली. वही मांडीवर.

तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. समोरची खुर्ची ओढून ती बसली. "काका, किती शोधलं तुम्हाला! सव्वानऊ झाले."

"आलो होतो," काका म्हणाले. ते टेबलाकडे पाहत होते. "तुझ्याही आधी. दारापर्यंत गेलो. त्या अजून यायच्या होत्या म्हणून खाली येऊन थांबलो. मग त्या आल्या, या खिडकीशीच मला भेटल्या. मला म्हणाल्या, 'काका, आज आम्ही तुम्हाला काय देणार आहोत माहीत आहे? तुमचं जुनं जळकं घड्याळ चौकटीत बसवून.' आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. मी म्हटलं, छान. मी 'छान' म्हटलं, पोरी! तोंडातून दुसरं काही निघालंच नाही."

तिने त्यांच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं.

"तू सांगून टाक," ते म्हणाले. "नऊ वाजून गेले. तुझं बंधन संपलं."

हेच ऐकायला ती रात्रभर तळमळत होती. आता उठायचं, जिना चढायचा, आणि दोन वाक्यांत हे ओझं उतरवायचं. पण काकांच्या त्या कपावरच्या सायीकडे पाहिलं आणि ती बसूनच राहिली. आपण सांगितलं तर आकडा सुधारेल. पण काका जन्मभर या टेबलाशीच बसून राहतील.

"काका, मी दहाला आत जाणार," ती हळू आवाजात म्हणाली. "दहानंतर उशीर होईल, लोक यायला लागतील. दहाला मी माझं सांगणार. सहा वर्षं मी विचारलं नाही ते. तेवढंच माझं आहे. तुमचं काय ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. दुसऱ्याची खूण दुसऱ्याने करायची नसते."

काकांनी मान वर केली. डोळे लाल होते. "बाई विचारतील ना तुला, घड्याळ कुणी बदललं म्हणून."

"विचारतील. तेव्हा म्हणेन, काका खाली बसलेत, त्यांना विचारा."

"आणि सगळ्या लोकांसमोर त्या मला बोलावून घेतील."

"घेतील."

"फार कडक झालीस गं तू."

"नाही हो काका, पाय बघा माझे, थरथरतायत," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. टेबलाखाली तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते.

काकांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. आणि का कोण जाणे, ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं, कपावरची साय चमच्याने बाजूला केली आणि गार झालेला चहा एका दमात संपवला.

"किती वाजले?"

"नऊ पस्तीस."

"बाईंच्या खोलीत कुणी आहे?"

"नव्हतं. आता माहीत नाही."

ते उठले. शर्टाची वरची गुंडी लावली. वहीतलं ते पान उघडून एकदा वाचलं, आत बोट घालून वही मिटली, म्हणजे वर गेल्यावर शोधाशोध नको. तीही उठू लागली तसा त्यांनी हात आडवा केला.

"तू बस. शब्द मी दिला होता."

ती बसली. कँटीनमधून बाहेर पडून ते मागच्या दाराने आत शिरले, जिन्याकडे वळले; काचेतून तिला दिसत होतं. सभागृहातून पुन्हा 'एक दोन तीन' ऐकू आलं. पहिल्या वळणावर ते थांबले, वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, पानातलं बोट न काढता, आणि कठड्याला धरून पुढची पायरी चढले.